फोन हिसकावू नका, डिलीटही करू नका

ऐरोलीहून एका आईचं पत्र आहे: ‘मुलगा आठवीत, तेरा वर्षांचा. मी खोलीत गेले की फोन पालथा ठेवतो. गेममध्ये कुणीतरी त्याला फुकट डायमंड (गेममधले पैसे) देतं. कोण म्हणून विचारलं तर “दादा आहे, तुला नाही कळणार” म्हणत अंगावर येतो. आठवडाभर जेवण तुटलंय, रात्री जागाच असतो. हे म्हणतात, फोन काढून घे आणि सगळं डिलीट कर. काय करू?’

ताई, फोन पालथा ठेवण्याचं एवढं काही नाही, या वयात बरीच मुलं ठेवतात. खटकतात ते डायमंड, आणि पाठोपाठ तुटलेलं जेवण. आधी फुकट काहीतरी द्यायचं, मग गेमच्या चॅटमधून इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामवर न्यायचं, ‘घरी सांगू नकोस’ म्हणायचं आणि कपड्यांशिवायचा एक फोटो मागायचा, अशी मुलांना जाळ्यात ओढणारी माणसं जवळ येतात. फोटो हाती लागला की ‘पैसे दे, नाहीतर मित्रांना पाठवतो’. मुलगा आहे म्हणून हे होणार नाही, असं धरून चालू नका.

त्याला समोर बसवून जाब विचारू नका. रात्री जेवणानंतर दोघंच चालायला जा. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, बोलणं सोपं जातं. पहिलं वाक्य हेच असू द्या: “काहीही झालं असलं तरी तुझी चूक नाही, आणि मी फोन काढून घेणार नाही.” फोन जाईल या भीतीनेच मुलं गप्प बसतात.

डिलीट केलंत तर पुरावा गेला. चॅटचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, कारण स्क्रीनशॉट घेतला की स्नॅपचॅट समोरच्याला कळवतं. युजरनेम नंतर बदलता येतं, म्हणून ते लगेच टिपा; शिवाय प्रोफाइलची लिंक, गेम आयडी, तारीख-वेळ आणि पैसे मागितले असतील तर यूपीआय आयडीही टिपून ठेवा. मुलाचा उघडा फोटो असेल तर त्याची प्रत काढू नका, कुणालाही पाठवू नका, मामा-काकांनासुद्धा नाही. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढतच जाते.

मग चाइल्डलाइनला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या १०९८ या नंबरला फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर आधी १९३०, ही ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीची हेल्पलाइन. पोलिसांत जायला कचरू नका: मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याने (२०१२) मुलाचा जबाब घरीच घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्याही गणवेशात नसतात.

तो ‘मला जगायचंच नाही’ असं काही बोलला, तर त्या रात्री त्याला एकटं झोपवू नका आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन लावा.