डार्लिंगांच्या वहीत ग्रेस शोधताना

अनेक आशीर्वाद.

फुटलेल्या बोटीवरची माणसं वाचवायला बापाबरोबर होडी वल्हवत गेलेल्या ग्रेस डार्लिंगवर तू प्रबंध लिहितेस आणि तिच्या बापाची, दीपगृहाचा रखवालदार विल्यमची, नोंदवही वाचून तू विचारलंस, ‘वहीत त्या दिवशी ग्रेसचं नावच नाही, मग त्या वहीवर प्रकरण कसं उभं करू?’ मी म्हणतो, तिथूनच सुरू कर. तुझ्या प्रबंधाला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही.

ती नोंद पुन्हा सावकाश वाच. ७ सप्टेंबर १८३८. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या फार्न बेटांपैकी लाँगस्टोनच्या दीपगृहावरचा विल्यम डार्लिंग लिहितो की ‘फॉरफरशर’ ही ४०० टनांची आगबोट हलहून डंडीला निघाली होती. बर्विकच्या आसपास बॉयलर इतके गळायला लागले की इंजिनं निकामी झाली. कप्तानाने बोट शील्ड्सकडे वळवली. उत्तरेचं वादळ, दाट धुकं. पहाटे चारच्या सुमाराला बोट हार्कर खडकावर आदळली, पंधरा मिनिटांत दुभंगली आणि ४३ माणसं बुडाली. नऊ जण आधीच बोटीवरच्या होडीतून निसटले होते, आणखी नऊ जण मोडक्या बोटीला धरून राहिले, त्यांना डार्लिंगांनी वाचवलं. एवढं सांगून गडी थेट मालावर येतो: उंची कापड, लोखंडी सामान, साबण, बॉयलरचे पत्रे, सूतगिरणीची यंत्रसामग्री. नोंद संपली.

साबणाला जागा आहे आणि पोटच्या पोरीला नाही, म्हणून तू चिडलीस. साहजिक आहे. पण चिडून लिहायला बसू नकोस. हा माणूस आयुष्यभर दिवा सांभाळणारा. जहाज कोणतं, किती टनांचं, कुठून कुठे निघालेलं, का बुडालं, माणसं किती गेली, माल काय होता, हा त्याच्या हाताला बसलेला क्रम आहे. मालाचं तर त्याला विशेषच अगत्य असणार, कारण बुडालेल्या जहाजातला माल सोडवून आणणाऱ्याला त्याचा मोबदला मिळत असे. घरातल्या कोणी काय केलं हा त्या क्रमात बसणारा प्रश्नच नव्हता, म्हणून त्याचं उत्तर नाही. मुलीचं त्याला कौतुक नव्हतं, असा अर्थ या नोंदीतून काढता येत नाही. कौतुक होतं, असाही नाही.

आता याच माणसाचा दुसरा कागद शेजारी ठेव. ट्रिनिटी हाउस म्हणजे दीपगृहांचा कारभार पाहणारी संस्था, त्याचे मालक. त्यांनी २९ सप्टेंबरला हकीकत विचारली आणि ६ ऑक्टोबरला त्याने उत्तर धाडलं. घटनेला महिनाही झाला नव्हता, पण वर्तमानपत्रांत गाजावाजा सुरू झाला होता. इथे मात्र मुलगी पहिल्याच वाक्यात येते. पहाटे भरतीच्या आधी बाप-लेक बाहेरचं सामान आवरून बांधून ठेवत होते. पावणेपाचला मुलीला हार्करवर जहाज दिसलं. अंधार आणि उसळणारं पाणी यांमुळे त्यावर माणूस दिसेना. दुर्बीण डोळ्यांवरून न काढता सात वाजेपर्यंत पाहत राहिले, तेव्हा ओहोटी लागल्यावर तीन-चार माणसं दिसली. मग ‘आम्ही ठरवलं’: तिथवर पोचलो तर त्यांतलेच काही परतीच्या वल्ह्यांना हात देतील, त्याशिवाय परत येणं शक्य नाही. खडकावर आठ पुरुष आणि एक बाई निघाली. अशा हवेत सगळ्यांना एकदम घेणं त्याला पटेना, म्हणून बाई आणि चार पुरुष आधी आणले. त्यांतल्या दोघांना घेऊन तो पुन्हा गेला आणि नऊच्या सुमाराला उरलेलेही लाँगस्टोनला पोचले.

माणूस तोच, सकाळ तीच, तरी दोन कागद. फरक पाडला तो प्रश्नाने. पुढे जो कागद हाती येईल त्याला आधी हेच विचार: तुला कोणी लिहायला लावलं?

पत्रात काय नाही तेही पाहा. रात्री बुडणाऱ्यांच्या किंकाळ्या ऐकून ग्रेस जागी झाली, असं त्यात नाही. बाप कचरत होता आणि तिने गळ घातली, असंही नाही. हा सगळा मजकूर नंतर गोष्टीवेल्हाळ मंडळींनी घातला. १८३९ मध्ये तर तिच्यावर कादंबरीसुद्धा निघाली होती. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक आपण वर्गात किती घोळवला होता, आठवतं ना? हे तेच प्रकरण आहे. फक्त बखर आहे म्हणून फेकून देऊ नकोस. लोकांना ग्रेस कशी हवी होती हे तिच्यातूनच कळेल. त्यासाठी वेगळं प्रकरण कर, दोन्ही एकात कालवू नकोस.

तू वापरतेस त्या छापील वहीबद्दल एक शंका मनात ठेव. ती १८८६ ची. विल्यम वारला १८६५ मध्ये. म्हणजे छापणारा हात दुसऱ्याचा. शिवाय नोंदी सुरू होतात १७९५ पासून, जेव्हा त्याचा बाप रॉबर्ट ब्राउन्समन बेटावरचा कोळशाचा दिवा सांभाळायला आला. विल्यमचा जन्म १७८६ चा. नऊ वर्षांचा पोरगा नोंदी ठेवत नव्हता हे उघड आहे. तेव्हा सुरुवातीचा भाग कुठून आला, बापाच्या कागदांतून की म्हातारपणीच्या आठवणीतून, हे प्रकरणात उघडपणे विचार. परीक्षक खूश होतात म्हणून सांगत नाही. १८३८ ची नोंद त्याच आठवड्यात लिहिली की पुढे कधी नीटनेटकी करून उतरवली, हा प्रश्नही त्याच धाग्याला लागून येतो.

कागद कुठे शोधायचे, तर पगार कोण देत होतं ते बघ. रॉबर्टच्या काळात फार्नचे दिवे खासगी भाडेपट्ट्यावर होते. १८२० च्या दशकात ते ट्रिनिटी हाउसकडे आले आणि १८२६ मध्ये लाँगस्टोनचा नवा दिवा लागला. म्हणजे रॉबर्टचा कागद एका दप्तरात, विल्यमचा दुसऱ्यात. त्यात डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात लंडनचं ट्रिनिटी हाउस जळालं आणि बरंचसं दप्तर गेलं. जे उरलं ते आता द लंडन आर्काइव्हजमध्ये आहे. एखादी फाइल सापडली नाही तर ‘त्यांनी नोंद ठेवलीच नाही’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. ठेवलेली नोंद जळूही शकते.

घरच्या माणसांसाठी चर्चची वही आणि जनगणना बघ. ग्रेस २४ नोव्हेंबर १८१५ ला बॅम्बरोत जन्मली, आईच्या माहेरी. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी इंग्लंडात सुरू झाली १८३७ मध्ये, त्यामुळे तिच्या बाप्तिस्म्याची नोंद चर्चमध्ये मिळेल आणि २० ऑक्टोबर १८४२ च्या मृत्यूची दोन्हीकडे. १८४१ च्या जनगणनेत जपून पाऊल टाक. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची असा त्या वर्षीचा दंडक होता आणि घरातलं नातं लिहिलेलंच नाही. नातं १८५१ पासून मिळतं, पण तोवर ग्रेस नाही. जिल्ह्याचे कागद ॲशिंग्टनजवळच्या वुडहॉर्नला, नॉर्थंबरलँड आर्काइव्हजमध्ये.

आता जे मला फार जवळचं वाटतं ते. पत्राच्या शेवटाकडे नॉर्थ संडरलंडच्या होडीचा उल्लेख आहे. ती माणसं वादळात किनाऱ्यावरून वल्हवत आली तोवर वाचण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. त्यांना तीन प्रेतं मिळाली, एक पुरुष आणि दोन मुलं. मुलं त्याच वाचलेल्या बाईची. त्या होडीत ग्रेसचा धाकटा भाऊ विल्यम ब्रूक्स होता. हवा फिरेना म्हणून ही मंडळीही बेटावरच अडकली. म्हणजे एवढ्याशा दीपगृहात वाचलेले नऊ, होडीतले सात आणि घरचे. भाकरतुकडा कोणी केला, ओले कपडे कुठे वाळले, मुलं गमावलेल्या बाईपाशी कोण बसलं? बहुतेक आई, थॉमसिन. ‘बहुतेक’ हा शब्द गाळू नकोस, पण तिच्यावर एक पान लिहायला अजिबात संकोच करू नकोस. दिवा रोज लावायचाच होता, पाहुणे असोत वा नसोत. अशी घरं सगळ्या बिऱ्हाडाच्या राबण्यावर चालत आणि पगार एकाच्या नावावर निघे. थोरला भाऊ विल्यम पुढे कॉकेट बेटाच्या दिव्यावर होता. त्याच्या आणि धाकट्याच्या बायकांचे कागद मिळाले तर तेही बघ.

ग्रेसच्या स्वतःच्या पत्रांबद्दल थोडक्यात. राणी व्हिक्टोरियाने ५० पौंड धाडले, नॉर्थंबरलँडचे ड्यूक तिच्या नावाने जमलेल्या निधीचे पालक झाले, अनोळखी माणसं तिच्या केसांची बट मागू लागली. त्या उत्तरांत ती फार अदबीने लिहिते. ही अदब कोणासमोरची आहे ते सांभाळून वाच. बावीस वर्षांची मुलगी ड्यूकला मोकळेपणाने लिहील, ही अपेक्षाच चुकीची. बहिणीला किंवा गावातल्या कोणाला लिहिलेली चिठ्ठी मिळाली तर तिला दहा आभारपत्रांवर तोलून बघ.

तुझ्या आराखड्यात पहिलं प्रकरण ‘वीरकन्या’ आहे. ते काढ. दुसऱ्या प्रकरणात चाळीस पानांचा सिद्धांत आहे, तोही अर्ध्यावर आण. तुझ्या विभागातली मंडळी नावं ठेवणार नाहीत, आणि ठेवली तर माझं नाव सांग.

मला आत्ता प्रकरण पाठवू नकोस. ६ ऑक्टोबरच्या पत्राची नक्कल स्वतःच्या हाताने कर, विरामचिन्हं न सुधारता, आणि समासात प्रत्येक वाक्यासमोर लिही की हे त्याने स्वतः पाहिलं, ऐकलं की अंदाज केला. तेवढं पाठव. आणि सीहाउसेसहून बेटांकडे जाणाऱ्या होड्या थंडीत फारशा सुटत नाहीत, तेव्हा लायब्ररीत बसून ऑक्टोबर घालवू नकोस. लाँगस्टोनवरून हार्कर किती लांब दिसतो ते डोळ्यांनी बघून ये. पावणेपाचला अंधारात तिथलं काय दिसू शकेल याचा अंदाज आल्याशिवाय त्या वाक्यावर लिहू नकोस. गरम कपडे ने.

तुझा,
सर