लँडस्केपसाठी परवडणारी वाइड अँगल लेन्स: एफ/२.८ च्या मागे लागण्याआधी

तुमचा प्रश्न मला असा समजला: क्रॉप सेन्सरची (म्हणजे ३५ एमएम फिल्मएवढ्या फुल फ्रेम सेन्सरपेक्षा लहान सेन्सरची) डीएसएलआर आहे, सोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स आहे (हे आकडे फोकल लेंथचे, एमएममध्ये; आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद). डोंगर, नद्या, किनारे यांचे फोटो काढायची आवड लागली आहे, पण १८ वर ठेवूनही दृश्य मावत नाही. बजेट मर्यादित आहे आणि तीन पर्याय मनात आहेत: कॅमेऱ्याच्याच कंपनीची स्वस्त १०-१८ किंवा १०-२० झूम, सेकंडहँड टोकिना ११-१६ एफ/२.८ (एफचा आकडा म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचं, अपर्चरचं माप; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), आणि सामयांगची १४ एमएम मॅन्युअल लेन्स.

स्वस्त झूम घ्या. कॅनन असेल तर ईएफ-एस १०-१८ एफ/४.५-५.६, निकॉन असेल तर एएफ-पी डीएक्स १०-२० एफ/४.५-५.६. रात्रीचं आकाश, आकाशगंगा हाच तुमचा मुख्य विषय असेल तर टोकिना. सामयांग १४ मात्र क्रॉप बॉडीवर या कामासाठी नको.

सामयांगचं आधी उरकतो. फुल फ्रेमवर ती लेन्स खरोखर प्रचंड वाइड आहे, म्हणून तिचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं. क्रॉप सेन्सरवर १४ म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात निकॉनवर २१ आणि कॅननवर साधारण २२. तुमची किट लेन्स आत्ताच २७-२९ देते. म्हणजे मिळकत थोडी, आणि त्या बदल्यात पुढचं भिंग फुगीर असल्यामुळे साधा गोल फिल्टर बसवता येत नाही. शिवाय क्षितिजाची रेघ मध्ये एका बाजूला वाकते आणि कडांकडे उलट वळते. हे लाटेसारखं डिस्टॉर्शन साध्या स्लायडरने सरळ होत नाही, त्यासाठी त्या लेन्सचं प्रोफाइल लावावं लागतं. समुद्राच्या फोटोत ते लगेच दिसतं.

आता एफ/२.८ चा मोह. लँडस्केप आपण बहुतेक वेळा ट्रायपॉडवर आणि एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान काढतो. त्या अ‍ॅपर्चरला महागड्या आणि स्वस्त लेन्समधला फरक फार कमी उरतो. एफ/२.८ साठी जे जास्तीचे पैसे आणि वजन द्यावं लागतं, ते तुम्ही जवळजवळ कधीच न वापरणाऱ्या अ‍ॅपर्चरसाठी असतं. कॅननची १०-१८ भरते २४० ग्रॅम, निकॉनची १०-२० भरते २३०. टोकिना त्यांच्या दुपटीहून जड आहे. चढ चढून वर पोचायचं असेल तर हा फरक खांद्याला कळतो. शिवाय या दोन्ही स्वस्त झूममध्ये स्टॅबिलायझेशन (हात हलल्याने येणारा धूसरपणा कमी करणारी सोय) आहे, टोकिनात नाही. झाडीत किंवा धबधब्याजवळ ट्रायपॉड लावायला जागा नसते तेव्हा ते फार उपयोगी पडतं. ट्रायपॉडवर मात्र बंद करा.

फोकसच्या खोलीसाठीही मोठ्या अ‍ॅपर्चरची गरज नाही, उलट बारीक अ‍ॅपर्चर हवं, आणि १० एमएमवर तेही फार बारीक करावं लागत नाही. क्रॉप सेन्सरवर १० एमएम, एफ/८ ला हायपरफोकल अंतर साधारण ६५ सेंटीमीटर येतं. तेवढ्यावर फोकस केला की अंदाजे ३३ सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वीकारार्ह शार्प राहतं. तुमच्या किट लेन्सला १८ वर त्याच एफ/८ ला हे अंतर दोन मीटर आहे. मोठं प्रिंट काढायचं असेल तर फोकस थोडा पुढे, मीटरभरावर ठेवा, म्हणजे दूरचे डोंगर अधिक कडक येतात. एफ/१६ आणि त्यापुढे मात्र जाऊ नका. डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, अख्खी फ्रेम मऊ पडते, आणि हे लेन्स कितीही महाग असली तरी घडतं.

टोकिना वाईट आहे असं मी म्हणत नाही. मध्यभागी ती फार शार्प आहे आणि रात्री एफ/२.८ हा एफ/४.५ पेक्षा सव्वा स्टॉपहून जास्त प्रकाश देतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). ताऱ्यांसाठी तो सोन्यासारखा आहे, कारण तिथे शटर वाढवता येत नाही, तारे रेघांसारखे ओढले जातात. पण सूर्य फ्रेममध्ये किंवा कडेला असेल तर तिच्यात फ्लेअर, म्हणजे प्रकाशाचे डाग आणि फिकटपणा, येतो, आणि उजळ आकाशासमोरच्या फांद्यांना जांभळट किनार दिसते. सूर्योदय-सूर्यास्त हा ज्याचा मुख्य विषय, त्याने याचा विचार करावा. आणखी एक: तिच्या पहिल्या निकॉन आवृत्तीत फोकस मोटर नाही, त्यामुळे डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडींवर ऑटोफोकस होणार नाही. दुसऱ्या आवृत्तीत मोटर आहे.

निकॉनवाल्यांसाठी याहून महत्त्वाचा इशारा. १०-२० ही एएफ-पी, म्हणजे नव्या प्रकारच्या फोकस मोटरची लेन्स आहे. डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर ती फोकसच करत नाही, हाताने रिंग फिरवूनही नाही, कारण रिंगसुद्धा इलेक्ट्रॉनिक आहे. काही बॉडींना फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर चालते. पैसे देण्याआधी तुमच्या मॉडेलचं नाव निकॉनच्या सुसंगततेच्या यादीत बघा. जुनी बॉडी असेल तर सिग्माची १०-२० सेकंडहँड शोधणं बरं.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याकडे येतो, कारण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: "दृश्य मावत नाही". वाइड अँगल लेन्स घेण्याचं हे कारण असेल तर पहिल्याच फेरीत निराशा होण्याची शक्यता आहे. १० वर गेलात की सगळं मावतं, पण १८ वर जो डोंगर फ्रेममध्ये दिसत होता त्याची उंची जवळपास निम्मी होते. समोर भव्य वाटलेली रांग फोटोत एक पातळ पट्टी होऊन बसते, वर रिकामं आकाश आणि खाली रिकामी जमीन. मग माणूस लेन्सला दोष देतो.

वाइड लेन्सचं खरं काम जवळच्या वस्तूला मोठं करणं हे आहे. पायाशी असलेला शेवाळलेला दगड, पाण्याचं डबकं, गवताचा झुबका, यांच्या अर्ध्या मीटरवर जा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा, आणि मागचा डोंगर त्याच फ्रेममध्ये ठेवा. तेव्हा फोटोत खोली येते. हे करायची सवय नसेल तर आधी किट लेन्सवर १८ ला करून बघा. जवळ गेल्यावरही "अजून थोडं रुंद हवं होतं" असं वारंवार वाटलं, तर लेन्स नक्की घ्या. आणि दूरची डोंगररांगच आवडत असेल तर तुम्हाला कदाचित ५५ च्या पुढची लेन्स हवी आहे. उत्तम लँडस्केप ७० ते २०० वरही निघतात.

मावण्याचाच प्रश्न असेल तर विनाखर्चाचा उपाय आहे. कॅमेरा उभा धरा, १८ वर ठेवा, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल करा आणि तीन फ्रेम घ्या, प्रत्येक आधीच्या फ्रेमवर साधारण ४० टक्के चढलेली. उभ्या फ्रेमची रुंदी सुमारे ४७ अंश भरते, तीन जोडल्यावर शंभरच्या थोडं वर जाते. १० एमएमची आडवी फ्रेम ९९ अंशांची असते. म्हणजे रुंदी तेवढीच मिळाली, आणि वर जास्तीचे मेगापिक्सेल. ह्युगिन हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जोडणी चांगली करतं. हे कुठे फसतं तेही सांगतो: लाटा, वाऱ्याने हलणारं गवत आणि अगदी जवळचा दगड. जवळच्या वस्तू फ्रेमगणिक सरकतात आणि जोड नीट बसत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या जवळच्या फोरग्राउंडच्या फोटोला पॅनोरामा कामाचा नाही, तिथे लेन्सच लागते.

फिल्टरचा खर्च बहुतेक जण विसरतात. कॅननच्या १०-१८ चा थ्रेड (फिल्टर बसवायचे आटे) ६७ मिमी, निकॉनच्या १०-२० चा ७२, टोकिना ११-१६ चा ७७. पुढे मोठी लेन्स घेण्याचा विचार असेल तर फिल्टर ७७ चाच घ्या आणि लहान थ्रेडवर मोठा फिल्टर बसवणारी स्टेप-अप रिंग लावा. १० एमएमवर जाड रिंगचा फिल्टर कोपऱ्यात काळा दिसतो, म्हणून पातळ रिंगचा बघा, आणि एकावर एक दोन फिल्टर चढवू नका. पोलरायझर पाण्यावरची आणि ओल्या पानांवरची चकाकी काढायला उत्तम, पण निळं आकाश मोठं असेल तर जपून. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश सर्वाधिक गडद होतं, बाकीचं होत नाही, आणि इतक्या रुंद फ्रेममध्ये दोन्ही येतात. मग आकाशात एक गडद पट्टा उमटतो जो नंतर काढणं कठीण जातं. माझा सल्ला, पहिला फिल्टर एनडी (प्रकाश सरसकट कमी करणारा राखाडी फिल्टर) घ्या.

सेकंडहँड घेताना वाइड लेन्समध्ये एक दोष खास तपासा: डिसेंटरिंग, म्हणजे आतलं एखादं भिंग जागेवरून किंचित सरकलेलं असणं. दूरची एखादी बारीक तपशिलाची वस्तू निवडा, एफ/५.६ ला ट्रायपॉडवरून ती आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून चार फोटो काढा, आणि पूर्ण मोठे करून बघा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर चालेल, ते एफ/८ ला सुधारतात. एकच बाजू धूसर असेल तर ती लेन्स परत करा. विटांच्या भिंतीवर ही चाचणी करू नका, कॅमेरा भिंतीला जरा तिरका झाला तरी चुकीचा निष्कर्ष निघतो. मग लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे धागे आणि धुकटपणा बघा. चार-दोन धूलिकण असतील तर काही बिघडत नाही.

कॅननच्या १०-१८ चा माउंट प्लास्टिकचा आहे म्हणून बरेच जण नाक मुरडतात. एवढ्या हलक्या लेन्सला तो पुरतो. पाऊस-धुळीपासून संरक्षण मात्र नाही, तेव्हा पिशवी जवळ ठेवा.

मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर) असलेल्यांसाठी थोडक्यात. कॅनन क्रॉपवर २०२३ची आरएफ-एस १०-१८, फक्त १५० ग्रॅमची. निकॉन झेड डीएक्सवर १२-२८. सोनी क्रॉपवर सिग्माची १०-१८ एफ/२.८, जी सर्वांत स्वस्त नाही पण तारे आणि लँडस्केप दोन्ही सांभाळते. कॅननची आरएफ १६ एफ/२.८ फुल फ्रेमवर छान, क्रॉपवर ती साधारण २६ होते, म्हणजे किट लेन्सहून फारशी वेगळी नाही. फुल फ्रेम डीएसएलआरवर सेकंडहँड कॅनन १७-४० एफ/४ एल किंवा निकॉन १८-३५ एफ/३.५-४.५ जी. १७-४० चे कोपरे उघड्या अ‍ॅपर्चरला मऊ आहेत, एफ/११ ला निर्धास्त वापरा.

तुमच्या बॉडीचं नेमकं मॉडेल आणि रात्रीच्या आकाशाचा बेत आहे की नाही, एवढं लिहिलंत तर आणखी नेमकं सांगता येईल.