बाइकवर बेस कसा वाढवायचा?

प्रश्न: टूरिंग बाइकच्या फेअरिंगमध्ये (पुढच्या कव्हरमध्ये) साडेसहा इंची दोन स्पीकर आणि अँप बसवलाय, उभ्या गाडीवर मस्त वाजतं पण 80 च्या स्पीडला बेस गायब, काय करू?

उत्तर: आधी एकाच स्पीकरच्या दोन वायरी आपसात बदलून ऐका, प्लस-मायनस उलटं लागलं असेल तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा बेस खातात, फरक लगेच कळेल. मग स्पीकरच्या कडेला फोमची गॅस्केट लावा, फट नको. बाइकला कारसारखी बंद केबिन नाही आणि वाऱ्याचा घोंगाट खालच्या सुरांवरच बसतो, म्हणून बेस फुल करू नका हो, स्पीकर फाटेल, उलट अँपचा हाय-पास (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचे सूर अडवणारा फिल्टर) 80-100 हर्ट्झला ठेवला की आवाज स्वच्छ वाढवता येतो. खरा दणका हवाच तर साइड बॉक्समध्ये 8 इंची सबवूफर (खास बेसचा स्पीकर) लावा, पण गाडीचं चार्जिंग तेवढं झेपवतंय का ते आधी तपासा.