सोसायटीचं बिल कसं वाचायचं?

प्रश्न : आमचा नागाळा पार्कातला फ्लॅट मुलीच्या नावावर आहे. ती पुण्यात नोकरीला, इथं मी एकटी राहते. सोसायटी दर महिन्याला बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते) लावते. त्यात पुराच्या दुरुस्तीचे म्हणून आठ हजार मागितले. ते पटले नाहीत, म्हणून दिवाळीपासून बिलच भरलं नाही. आता थकबाकीवर व्याज चढतंय. शेजारी तीन बेडरूमचा फ्लॅट, तरी मेंटेनन्स त्यांना आणि मला सारखाच. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी एक करा. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती लगेच चेकनं भरा आणि सोबत पत्र द्या : ‘बिनभोगवटा शुल्क व पूरदुरुस्ती वर्गणीबाबत हरकत राखून भरणा करत आहे.’ दुसऱ्या प्रतीवर सेक्रेटरींची सही आणि तारीख घ्या. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी उभी हयात गेली. एका रकमेच्या रागानं सगळं बिल अडवणारा सभासद थकबाकीदारांच्या यादीत जातो आणि मग त्याची खरी तक्रारही कुणी ऐकून घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमची पहिली तक्रार अगदी खरी आहे. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या, म्हणजे वॉचमन-झाडलोटीसारख्या रोजच्या खर्चाच्या, १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. सभासदाच्या घरचं माणूस राहत असेल तर ते मुळीच लावता येत नाही. आदर्श उपविधींतल्या, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांतल्या, कुटुंबाच्या व्याख्येत आई आहे. भाडेकरू असता तर गोष्ट वेगळी. आजवर घेतलेले पैसे खात्यावर जमा करा, असं पत्रात स्पष्ट लिहा. हक्काचे पैसे मागायला संकोच कसला?

मेंटेनन्स मात्र सारखाच असतो. वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च हे सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना समान. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची रक्कम) यांचं तसं नाही. ते फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर, जमिनीची किंमत सोडून, वर्षाला अनुक्रमे किमान ०.७५ आणि ०.२५ टक्के. तुमचा बांधकाम खर्च १२ लाख धरला तर महिन्याला ७५० आणि २५० रुपये. शेजाऱ्यांचा फ्लॅट मोठा, त्यांचे हे दोन आकडे तुमच्यापेक्षा मोठेच हवेत. तेही सारखे असतील तर जरूर विचारा.

आता पुराचे आठ हजार. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरून आपल्या भागात मीटर, पाण्याच्या मोटारी खराब झाल्या, त्यामुळं खर्च खोटा म्हणता येत नाही. पण अशी जादा वर्गणी सर्वसाधारण सभेच्या ठरावानं लागते, कमिटीनं परस्पर लावायची नसते. इतिवृत्ताची प्रत मागा. ठराव निघाला तर पटो न पटो, रक्कम द्यावी लागेल.

व्याजाकडं नीट बघा. ते सरळव्याज असतं आणि वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जात नाही. दहा हजार थकले तर महिन्याचे १७५. पुढच्या महिन्यातही १७५च यायला हवेत. १७८ आले तर समजा, आधीचं व्याज बाकीत मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावलंय. बिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये मागची बाकी एका आकड्यात पुढं ओढली की हे हमखास होतं. म्हणून नुसत्या बिलावर जाऊ नका, खातेउतारा घ्या. त्यात मुद्दल आणि व्याज वेगवेगळं दिसलं पाहिजे, आणि तुमचा प्रत्येक चेक कोणत्या तारखेला, कशापोटी जमा धरला तेही. स्वतःच्या खात्याचं दप्तर पाहण्याचा हक्क सहकार कायद्यानंच दिला आहे.

उत्तर आलं नाही, तर पत्राची पोच आणि उतारा जोडून सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात अर्ज द्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिथंही हा विषय मांडा. फ्लॅट मुलीच्या नावावर आहे, तेव्हा पत्र आणि अर्ज दोन्हींवर सही तिचीच हवी.