धायरीचं घर आणि वरचे सहा लाख

पुण्यातल्या धायरीहून एका वाचकांचं पत्र आलंय. दोन गुंठ्यांच्या स्वतःच्या प्लॉटवर १,५०० चौरस फुटांचं घर बांधायचं आहे. कॉन्ट्रॅक्टरचा नेहमीच्या पद्धतीचा आकडा ३६ लाख. आर्किटेक्टने पर्यावरणपूरक साहित्य सुचवलं आणि तो ४२ लाखांवर गेला. मंजूर कर्ज ३० लाख, बँकेत ६ लाख, म्युच्युअल फंडात साडेसहा लाख. वरच्या सहा लाखांसाठी कर्ज वाढवावं की फंड मोडावा, असं त्यांनी विचारलं आहे. पत्नीचं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं, तिला चुन्याच्या भिंतींची फार ओढ आहे, असंही लिहिलं आहे.

फंडाला हात लावू नका. घरखर्च ६० हजार आणि ईएमआय २६ हजार धरला तर तो फंड म्हणजे तुमचे जेमतेम साडेसात महिने आहेत. घर पाहावं बांधून म्हणतात ते उगीच नाही. पाया खणताना काळा दगड लागला की ब्रेकरचं भाडं तासावर सुरू होतं, आणि ते कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं.

कर्ज वाढवलं तर ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी लाखामागे महिना ८६८ रुपये. सहा लाखांचे ५,२०० झाले, एकूण फेड साडेबारा लाख. "व्याजावर करसवलत मिळेलच" असं तुम्ही गृहीत धरलंय, तिथे चूक होतेय. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट वर्षाला २ लाखांपर्यंतच आहे आणि ३० लाखांच्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याजच अडीच लाखांच्या घरात जातं. म्हणजे निदान पहिली काही वर्षं वरच्या सहा लाखांच्या व्याजावर एक रुपयाही कर वाचणार नाही. नव्या प्रणालीत तर राहत्या घराला ही वजावटच नाही.

आता वरच्या सहा लाखांचा तुमचा कागद पाहू. मातीचे दाबलेले ब्लॉक १ लाख, चुन्याचा गिलावा १ लाख २० हजार, छताचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) ७० हजार, बांबूचं फ्लोअरिंग १ लाख ३० हजार, ३ किलोवॅट सोलर १ लाख ८० हजार. "पर्यावरणपूरक" म्हणून सगळं एकाच गाठोड्यात बांधलंय. ते सोडा, कारण यातलं प्रत्येक काम पैशाच्या बाबतीत वेगळं वागतं.

मातीचे ब्लॉक मला मनापासून आवडतात. भाजावे लागत नाहीत, सिमेंट पाचेक टक्के पुरतं. पण प्लॉटवर काळी माती आहे असं तुम्हीच लिहिता. ती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, या ब्लॉकना चालत नाही. मग माती ट्रकने लांबून आणायची, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच डिझेलमध्ये जळणार. त्यापेक्षा राखेच्या विटा घ्या. औष्णिक वीज केंद्रांची राख त्यात वापरली जाते, आणि अंदाजपत्रकातल्या लाल विटेच्या भावात तुमचा कॉन्ट्रॅक्टर त्या द्यायला तयार आहे. आकार एकसारखा असल्याने गिलावाही पातळ बसतो. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, मागा. त्यात १५ ते ३५ टक्के राख असते आणि त्यासाठी जादा मोजावे लागत नाहीत. फक्त पाणी मारण्यात कसूर नको. पीपीसीला ताकद सावकाश येते, आणि आठवडाभरात पाणी बंद करणारे मुकादम मी पुष्कळ पाहिले आहेत.

बांबूचं फ्लोअरिंग काढा. शहाबादी फरशी पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, ती घाला. अंदाजपत्रकातल्या टाइल्सपेक्षा स्वस्तच पडेल.

छताचे ७० हजार मात्र डोळे झाकून खर्च करा. आमच्या सहकारनगरच्या घरात वरच्या मजल्यावर एप्रिलमध्ये रात्री नऊला पलंगावर उभं राहून स्लॅबला तळवा लावला, तर तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी ऊब लागायची. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक केला, तेव्हापासून एसीची चर्चा थांबली. तुमचा स्लॅब अजून पडायचाय, म्हणजे तुम्हाला हे काम वॉटरप्रूफिंगसोबतच, तोडफोड न करता करता येईल.

सोलरही घ्याच. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे, म्हणजे तुमचे खरे १ लाख २ हजार. पण अनुदान सिस्टीम चालू झाल्यावर खात्यात येतं, तोवर पूर्ण रक्कम तुमची अडकते. सध्याच्या २,२०० च्या वीजबिलात स्थिर आकार वगैरे सोडून महिना २,००० वाचले, तर चार-सव्वाचार वर्षांत पैसे वसूल. महापालिकेची मिळकतकरातली सवलत वेगळी. फक्त योजनेत नोंदलेल्याच विक्रेत्याकडून घ्या.

राहिला चुना. यातून पैसे परत येणार नाहीत, आणि यावेत अशी अपेक्षाही ठेवू नका. चुना जाणणारे गवंडी कमी, मजुरी जास्त. पूर्ण घराऐवजी हॉल आणि तुमची झोपायची खोली, एवढ्याच भिंती चुन्याच्या करा. तुमच्या दराने ४५ हजारांत बसतं. बाहेरून साधा गिलावा.

नकाशात एक गोष्ट मला सारखी खुपली. वर १५० चौरस फुटांची पाहुण्यांची खोली आहे. तुमच्याच दराने, २,४०० रुपये फुटाने, ती ३ लाख ६० हजारांची झाली. वर्षातून किती रात्री कोणी तिथे झोपेल? तेवढं सिमेंट, स्टील, खडी वाचवण्याइतकं पर्यावरणपूरक साहित्य मला तरी माहीत नाही. खोली काढलीत तर छत ७० हजार, सोलर १ लाख ८० हजार, चुना ४५ हजार हे २ लाख ९५ हजार त्यातूनच भागतात आणि ६५ हजार उरतात. कर्ज ३० लाखांवरच राहतं, फंड जागच्या जागी. पाहुणे हॉलमधल्या दिवाणावर झोपतील, आपण सगळे तसेच वाढलो.

नकाशा मंजुरीला गेला नसेल तर हा बदल याच आठवड्यात करून घ्या. आणि गिलाव्याला अजून चार महिने असले तरी कळीचा चुना आत्ताच पाण्यात विझवून टाकीत मुरत ठेवायला सांगा. ताज्या चुन्यात न विझलेले खडे राहिले तर ते पुढे भिंतीत फुगतात आणि पापुद्रे उडतात.