सही काकूचीच

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

सौदीत वारलेल्या चुलत्याच्या कागदपत्रांचं सगळं तुझ्यावर आलंय, घरात इंग्रजी वाचणारी तूच, असं तुझ्या बाबांनी सांगितलं. दम्मामहून येणारे फोन, मोबाइलवर अरबी कागदांचे फोटो आणि ओसरीवर पाव्हण्यांची गर्दी. यात फोनवर सांगितलेलं ध्यानात राहत नाही, म्हणून लिहून पाठवतोय.

आज एक काम कर. कंपनीला, एम्बसीला आणि चुलत्याच्या कॅम्पमधल्या गाववाल्याला तुझा एकच नंबर दे. बाकी कुणी परस्पर बोलायचं नाही. चार जणांनी चार फोन केले की चार वेगळ्या बातम्या घरात येतात आणि त्या प्रत्येक बातमीवर तुझी आजी नव्यानं रडते.

आता मुख्य गोष्ट. बाबा म्हणाले, "मी थोरला भाऊ, सही मी करतो." त्यांची माया मला ठाऊक आहे, पण सही काकूचीच लागेल. नवऱ्याच्या माघारी वारस ती, तिची लेकरं आणि चुलत्याची आई, म्हणजे तुझी आजी. संमतिपत्र आणि पॉवर ऑफ अटर्नी वारसांच्या नावानं करायची, स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर. आजीचा अंगठा घ्यायचा. मसुदा रियाधच्या आपल्या दूतावासाकडून मागव. दम्माम त्यांच्याच हद्दीत येतं, जेद्दाहच्या वाणिज्य दूतावासाकडे नाही. काकू आज बोलत नसेल तरी तिच्याजवळ बस, कागद मराठीत वाचून दाखव आणि मगच सही घे. "तिला काय कळतंय" असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. मयत आज ना उद्या घरी येईल, पण त्या कागदांवर तिला पुढची सगळी वर्षं काढायची आहेत.

कंपनी स्वतःचा मसुदा पाठवील. त्यातली ओळ न् ओळ वाच. 'मयत भारतात पाठवायला आमची संमती आहे' एवढंच हवं. 'सर्व येणं मिळालं, पुढे कसलाही दावा नाही' अशा अर्थाचं वाक्य कुठंही दिसलं तर सही थांबव आणि दूतावासाला कळव. मयत पाठवण्याचा आणि हिशोबाचा कागद वेगळा. "हे लिहून दिल्याशिवाय मयत निघणार नाही" असं कुणी सांगितलं तर ते लेखी माग. दुःखात माणूस कशावरही सही करतो, म्हणून इथं तू घट्ट राहा.

तिथला क्रम असा असतो. दवाखान्याचा अहवाल आणि पोलिसांचा कागद होतो, मग मृत्यूचा दाखला. दूतावास पासपोर्ट रद्द करून ना हरकत पत्र देतो. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, बंद करून एक्झिट, म्हणजे देश सोडायची परवानगी लागते, मग मयत टिकावं म्हणून औषधोपचार (एम्बामिंग) होतात आणि पेटी कार्गोत चढते. तिथलं ऑफिस शुक्रवार-शनिवार बंद असतं, हे ध्यानात ठेव. दुबई-शारजाला हे बऱ्याचदा काही दिवसांत उरकतं. सौदीत आठवडे लागू शकतात. चुलता झोपेत गेला म्हणतात, तरी पोलिसांचा कागद होईलच. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

म्हणून घरी तारीख सांगू नकोस. विमानाचं बुकिंग होऊन एअरवे बिल, म्हणजे पेटीची कार्गो पावती, हातात येईपर्यंत "कागद चालू आहेत" एवढंच म्हण. तारीख सांगितली की लांबचे पाव्हणे निघतात, आणि ती चुकली की घर दुसऱ्यांदा कोसळतं. घरात चूल पेटली नसेल. एक-दोन दिवस शेजारच्या भाकरी-पिठल्यावर निघतात, पण तीन आठवडे कुणी उपाशी राहू शकत नाही. सुतक कधीपासून धरायचं हे गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याकडून आजच ठरवून घ्या, चूल पेटवा, लेकरांना जेवू घाला. काकूला साखरेची गोळी चालू आहे ना? ती तू स्वतः दे.

खर्चाचं ऐक. सौदीच्या कामगार कायद्यानुसार मयत तयार करून मायदेशी पाठवायचा खर्च मालकाचा. चुलता कफीलकडंच, म्हणजे ज्यानं व्हिसा दिला त्या मालकाकडंच, कामाला होता, तेव्हा कुणी एजंट "अमुक लाख भरा" म्हणाला तर एक रुपया देऊ नका. कफीलकडून पळून गेल्याची नोंद, ज्याला तिथं हुरूब म्हणतात, ती असती तर गोष्ट अवघड होती. तेव्हाही दूतावासाकडं भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, गरजूंच्या मयताचा खर्च त्यातून करता येतो. कंपनीनं टाळाटाळ केली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाक आणि तिचा क्रमांक जपून ठेव.

विमान मुंबईला नको, हैदराबादला माग. उदगीरच्या माणसाला बिदर-झहिराबादचा रस्ता जवळचा. निजामाच्या काळापासून आपला मोठा दवाखाना अन् बाजारहाट तिकडंच. मयत ताब्यात घेणाऱ्याचं नाव एअरवे बिलावर आधारकार्डाप्रमाणेच लिहायला सांग. इथं बाबांचं नाव द्या, ते काम थोरल्या भावाचंच. शमशाबादला, म्हणजे हैदराबादच्या विमानतळावर, प्रवाशांच्या दाराशी नाही, कार्गो टर्मिनलला जायचं. विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यासाठी २०२३ पासून 'ई-केअर' पोर्टल आहे. अर्ज झालाय का, हे पेटी निघण्याआधी विचारून घे. नंतर कस्टम. दूतावासाचं पत्र, मृत्यूचा दाखला, औषधोपचाराचं प्रमाणपत्र आणि रद्द पासपोर्ट यांच्या प्रतींचे दोन संच बाबांसोबत दे. पेटी लांब असते आणि फार जड, म्हणून ॲम्ब्युलन्सवाल्याला आधीच सांगा आणि उचलायला तरणी माणसं न्या. तुमच्या वाड्याचं दार अरुंद आहे, पेटी आत वळते का ते मोजून ठेवा. नाहीतर अंगणातच मांडव घाला.

पेटी आधी एखाद्या खंबीर माणसानं बाजूला नेऊन उघडावी. औषधांमुळं चेहरा काळवंडलेला असू शकतो. तो बघण्यासारखा आहे का हे त्यानं ठरवावं, आणि काकूला खरं सांगून विचारावं: बघायचंय का? निर्णय तिचा. "बाई माणूस सहन करणार नाही" म्हणून तिला आत कोंडू नका. नवऱ्याचं तोंड न दिसल्याची सल मी बायकांच्या तोंडून ऐकलीय, ती जात नाही.

कुणी सुचवील की तिथंच उरकून टाका. तिथं माती देणं कमीपणाचं नाही. हज यात्रेत वारलेल्यांची माती तिथंच होते आणि घरचे ते भाग्य मानतात. पण सौदीत आपल्या रीतीनं दहन होत नाही, आणि काकूनं "घरी आणा" म्हटलंय. मग चर्चा संपली.

मातीनंतरचं काम लांबचं आहे आणि तेव्हा ओसरी रिकामी असेल. चुलत्याची बाकी पगाराची रक्कम आणि सेवा संपल्याचा मोबदला मालकाला द्यावाच लागतो: पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा. त्याच्या सामानात करारपत्र आणि पगाराच्या पावत्या येतात का बघ. कॅम्पमधल्या पोराला आजच फोटो काढून ठेवायला सांग. पासपोर्ट ईसीआर शिक्क्याचा, म्हणजे कामासाठी बाहेर जाताना सरकारी परवानगी लागणारा, असेल तर जाताना प्रवासी भारतीय बीमा उतरवलेला असतो. त्यातले १० लाख अपघाती मृत्यूला मिळतात, झोपेतल्या मृत्यूला नाही. तेव्हा काकूला खोटी आशा लावू नकोस, पण पॉलिसी शोध.

परदेशातल्या मृत्यूचा दाखला ग्रामसेवक देऊ शकत नाही. दूतावासातल्या नोंदीच्या साक्षांकित प्रती जास्तीच्या मागव. सातबाऱ्यावरची वारस नोंद, एलआयसी, बँक, सगळीकडं त्या लागतील. काकूचं खातं तिच्या एकटीच्या नावानं असू दे. जनधनचं छोटं खातं असेल तर आत्ताच पूर्ण केवायसी करून घ्या, त्यात मोठी रक्कम जमा होत नाही. भाऊबंदांपैकी कुणी "पैसे माझ्या खात्यावर मागव" म्हटलं तर माझं नाव सांग.

कंपनीचा मसुदा आला की सही घेण्याआधी मला पाठव, रात्री कितीही वाजता. काकूचं आधार, लग्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड आणि चुलत्याच्या पासपोर्टचं पहिलं-शेवटचं पान यांचे फोटोही लाव. नोटरीकडं मी येतो. काकूला आणि आजीला रिक्षानं तहसीलजवळ आण, उन्हाच्या आत.