जिम्नी की जुनी जीप?

चिखलवाटांवर फिरायला मारुतीची जिम्नी घेऊ की जुनी जीप, असं विचारलंस. शनिवार पेठेत राहतोस, गाडी बोळात लावणार, मग जिम्नीच घे. लांबी चार मीटरच्या आत, शिवाय लॅडर फ्रेम (शिडीसारखा मजबूत सांगाडा) आणि लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर). मुळशीकडच्या चिखलात हलकी गाडी कमी रुतते. डिकी मात्र नावापुरती, 208 लिटर. चौघं आणि तंबू नेहमीच असतील तर मोठी गाडी बघ.

जुनी जीप घेणारे रंगाला भुलतात. तू खाली आडवा होऊन चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, गंजलाय का बघ. माझ्या पहिल्या जीपच्या चासीत स्क्रूड्रायव्हर आरपार गेला, तोही पैसे मोजल्यावर! पंधरा वर्षं झाली असतील तर फिटनेस आणि नोंदणीचा खर्चही धर.

कोरड्या डांबरावर फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना जोर) लावून फिरू नकोस, नवखे हमखास फिरतात. विंच (रुतलेली गाडी ओढणारं यंत्र), लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग) आत्ता नको. आधी चांगले टायर घे.